टेम्पलेटवरून उभा राहणारा सर्व्हर : कर्जतच्या सातबाऱ्यामागचा इतिहास

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा सर्व्हर. त्याला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड असल्याचे भासते. प्रत्यक्षात हायपरव्हायजर नावाचे सॉफ्टवेअर खालच्या यंत्राची ताकद अशा अनेक मशीनमध्ये वाटून देत असते. या मशीनची डिस्क ही एक फाइल असते, आणि फाइलची नक्कल करता येते. टेम्पलेटची सगळी पद्धत यावर उभी आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नेहमीची सॉफ्टवेअर घालून एक मशीन नीट तयार करायची, तिची ओळख पुसायची, ती गोठवून ठेवायची आणि लागेल तेव्हा तिची नक्कल काढून तिला नवे नाव व पत्ता द्यायचा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातला शेतकरी आज मोबाइलवर सातबारा उतरवून घेतो तेव्हा त्याला उत्तर देणारा सर्व्हर बहुधा असाच उभा राहिलेला असतो. तिथवर पोचायला महसूल खात्याला आणि संगणकशास्त्राला दोन वेगळ्या वाटांनी यावे लागले.

महसूल खात्याची वाट जुनी आहे. एक नमुना ठरवायचा आणि गावोगावी त्याच नमुन्यात नोंदी भरून घ्यायच्या, ही पद्धत मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या जमीन पाहणीतून आली. भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ मध्ये त्यांनी ती सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम बांधले गेले. त्याआधी गावागावांत जमीन मोजण्याचे, प्रत ठरवण्याचे आणि लिहून ठेवण्याचे प्रकार निरनिराळे होते. पाहणीनंतर प्रत्येक गावाला सारखे रकाने मिळाले: सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकारणी, खातेदार.

कागद मात्र एकाच ठिकाणी राही, आणि त्याचे परिणाम कर्जतने पाहिले आहेत. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात झाली. नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात त्यांची झळ पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांना लागली. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जखते हिसकावून घेऊन जाळणे हेच बहुतेक ठिकाणी या उठावाचे रूप होते, कारण त्या खताची दुसरी प्रत कुठेच नसे. १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्यात गावनिबंधकासमोर खते नोंदवण्याची तरतूद आली ती या अनुभवातून. पुढे १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे याची गाववार नोंद ठेवण्याचे काम तलाठ्याकडे आले.

एफ. जी. एच. अँडरसन यांच्या महसुली हिशेबाच्या नियमपुस्तिकेने या नोंदींना पक्के रूप दिले. गाव नमुना १ ते २१ ही रचना तिच्यातूनच रुजली. नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ८-अ म्हणजे खातेदाराची एकत्र जमीन, ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि १२ म्हणजे पिकांची नोंदवही. सातवा आणि बारावा नमुना एकाच कागदावर असतात म्हणून तो सातबारा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने आणि १९७१ च्या अधिकार अभिलेख नियमांनी हीच चौकट पुढे चालवली. कोरे नमुने सरकारी मुद्रणालयांत छापले जात, त्यात येरवड्याच्या कारागृह मुद्रणालयाचाही मोठा वाटा. तिथून निघालेला कोरा कागद कर्जत तालुक्यातल्या राशीनला गेला काय किंवा मिरजगावला गेला काय, सारखाच असे. राशीनच्या तलाठ्याने त्यात राशीनचे गट क्रमांक लिहिले की तो राशीनचा होई.

संगणकाच्या जगात हीच गरज वेगळ्या कारणाने उभी राहिली. १९६० च्या दशकात एक मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा म्हणून आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, सीपी-४० ही प्रणाली तयार झाली. संगणक प्रत्येकाला थोडा थोडा वाटण्याऐवजी प्रत्येकाला आपला स्वतंत्र संगणक आहे असे वाटायला लावायचे, हा तिचा मार्ग. सीपी-६७ नंतर २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणण्याची घोषणा केली. त्या प्रणालीत नव्या वापरकर्त्याची मशीन म्हणजे निर्देशिकेतल्या काही ओळी असत: इतकी मेमरी, इतकी डिस्क, हे नाव. एका वापरकर्त्याच्या ओळींवरून दुसऱ्याच्या ओळी बेतता येत. टेम्पलेटचे हे पहिले, अगदी साधे रूप मानता येईल. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी कोणत्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन नीट चालू शकते याच्या अटी गणिती भाषेत मांडल्या. भारतात ही परंपरा फारशी रुजली नाही, कारण मेनफ्रेम महाग होते आणि आयबीएमने १९७८ मध्ये देश सोडला.

सरकारी संगणकीकरणाचा भार आपल्याकडे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने उचलला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एनआयसीच्या निकनेट या नेटवर्कमुळे जिल्ह्याच्या ठिकाणी संगणक पोचले. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू केली, त्यात महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. मराठी अक्षरे पडद्यावर आणणे हीच तेव्हा मोठी अडचण होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान त्यासाठी कामी आले. १९९७-९८ पासून योजना तहसील पातळीवर उतरली.

इथून तालुक्याच्या सर्व्हरचा काळ सुरू होतो, आणि टेम्पलेटचे महत्त्व कळायचे असेल तर हा काळ नीट पाहिला पाहिजे. ज्या त्या तालुक्याची माहिती त्या त्या तहसील कार्यालयातल्या संगणकावर असे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सीडीवरून न्यायची, प्रत्येक ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, डेटाबेस बसवायचा, फॉन्ट घालायचा, प्रिंटर जुळवायचा. एका तालुक्यात हे काम एकाने केले, दुसऱ्यात दुसऱ्याने, म्हणून दोन ठिकाणचे सर्व्हर कागदोपत्री सारखे असले तरी आतून सारखे नसत. एके ठिकाणी दुरुस्ती झालेली, दुसरीकडे राहिलेली. त्यात भारनियमन. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राला दिवसाचे कित्येक तास वीज नसे. बॅटरी संपली की सर्व्हर बंद आणि सातबाराही बंद. डिस्क बिघडली तर आधी तसेच यंत्र मिळवायचे, मग सगळी मांडणी पहिल्यापासून करायची आणि शेवटी शेवटच्या बॅकअपमधून माहिती परत भरायची. यंत्र, त्याची मांडणी आणि त्यातली माहिती या तीन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या होत्या, आणि एक गेली की तिन्ही जात.

डिस्कची नक्कल काढून हे दुःख कमी करण्याचा उपाय तेव्हाही होता. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये तयार झालेले घोस्ट हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये सिमँटेकने घेतले आणि ते जगभर पसरले. एक संगणक नीट तयार करायचा आणि त्याची प्रतिमा बाकीच्यांवर ओतायची. ज्या काळात एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्यांच्या गावांत निघाली त्याच काळात संगणक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांत ‘घोस्ट मारणे’ हा शब्दप्रयोग रुळला. पण घोस्टला सारखे हार्डवेअर लागे. वेगळ्या मदरबोर्डवर तीच प्रतिमा टाकली की निळा पडदा ठरलेला. शिवाय नकलेत मूळ संगणकाचे नावही येई, आणि एकाच नेटवर्कवर एका नावाचे दोन संगणक भांडू लागत. नक्कल काढण्याआधी ओळख पुसणे हा टेम्पलेटचा सर्वांत महत्त्वाचा नियम या अनुभवातून पक्का झाला. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे सिस्प्रेप हे साधन नेमके तेच काम करते.

हार्डवेअरची अडचण व्हर्च्युअल मशीनने सोडवली. डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी काढली. पोपेक-गोल्डबर्ग यांच्या अटी इंटेलचे साधे प्रोसेसर पाळत नव्हते. व्हीएमवेअरने धोक्याच्या सूचना चालत्या चालत्या बदलून घेण्याची युक्ती वापरली आणि १९९९ मध्ये साध्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवली. २००१ मध्ये सर्व्हरसाठीचे ईएसएक्स आले. २००३ मध्ये व्हर्च्युअलसेंटर आले आणि अनेक सर्व्हर व त्यांवरच्या मशीन एका पडद्यावरून सांभाळता येऊ लागल्या; टेम्पलेटवरून मशीन काढणे तिथे नेहमीच्या कामांत मोडू लागले. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन बाहेर पडले, २००५ पासून इंटेलने आणि पुढच्या वर्षी एएमडीने प्रोसेसरमध्येच आधार दिला, २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सचा भाग झाले. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसी२ सेवा खुली केली तेव्हा ग्राहकापुढे ठेवलेली वस्तू टेम्पलेटच होती: तयार प्रतिमा निवडा, आकार निवडा, मशीन घ्या.

यात घडते काय, हे एका मशीनपुरते पाहणे उपयोगाचे आहे. समजा तालुक्यांच्या मागण्या झेलायला आणखी एक वेब सर्व्हर हवा आहे. टेम्पलेटची डिस्क आधीपासून तयार असते: लिनक्स, वेब सर्व्हर, देखरेखीचे आणि विषाणू शोधणारे सॉफ्टवेअर, भारतीय प्रमाणवेळ, मराठी युनिकोड फॉन्ट. तिच्यातून काही गोष्टी मुद्दाम काढलेल्या असतात. यंत्राचा ओळख क्रमांक रिकामा केलेला असतो, दूरस्थ प्रवेशाच्या किल्ल्या पुसलेल्या असतात, नेटवर्कचा पत्ता काढलेला असतो, जुन्या नोंदींच्या फाइल साफ केलेल्या असतात. आज्ञा दिली की डिस्कची प्रत निघते. ती पूर्ण नक्कल असू शकते किंवा जोडलेली नक्कल. दुसऱ्या प्रकारात मूळ डिस्क सर्वांना सामाईक राहते आणि प्रत्येक मशीनने केलेला बदल तेवढा वेगळा साठतो. त्यामुळे जागा वाचते, पण मूळ डिस्कला धक्का लागला तर सगळ्या नकला एकदम कोसळतात. मग हायपरव्हायजर मशीनला नवे नेटवर्क कार्ड देतो. मशीन पहिल्यांदा सुरू होताना एक छोटा कार्यक्रम बाहेरून दिलेली माहिती वाचतो: नाव काय, पत्ता काय, डेटाबेस कुठे, कोणाला आत येऊ द्यायचे. नव्या किल्ल्या तिथेच घडतात. काही मिनिटांत मशीन कामाला लागते. हेच काम हाताने करायला पूर्वी दिवस जात, आणि तरी ते दोनदा सारखे होत नसे.

सरकारी कामात हे येण्यासाठी आधी डेटा सेंटर हवे होते. केंद्राने जानेवारी २००८ मध्ये राज्य डेटा सेंटरची योजना मंजूर केली आणि महाराष्ट्राने आपले केंद्र उभारले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचा जीव गेला आणि अनेक विभागांच्या फायली जळाल्या. एकाच जागी ठेवलेल्या कागदाचे काय होते हे कर्जतने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिले होते, ते राज्याच्या मुख्यालयाने पाहिले. त्यानंतर कागदपत्रांचे डिजिटायझेशन हा चर्चेपुरता विषय राहिला नाही. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी एनआयसीच्या राष्ट्रीय क्लाउडचे, म्हणजे मेघराजचे उद्घाटन झाले. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड वापरण्याचे धोरण जाहीर केले. खासगी क्षेत्रातही राज्यात क्षमता तयार झाली होती. कर्जत ज्या नाशिक महसूल विभागात येते त्या नाशिकमध्येच, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, ईएसडीएस कंपनीचे डेटा सेंटर आहे.

सातबाऱ्याची माहितीही तालुक्याच्या सर्व्हरवरून हळूहळू मोठ्या केंद्रांकडे गेली. जमाबंदी आयुक्त आणि संचालक भूमिअभिलेख यांच्या पुण्याच्या कार्यालयाच्या देखरेखीखाली एनआयसीने तयार केलेली ई-फेरफार प्रणाली राज्याच्या ३५८ तालुक्यांत आली. तिच्यात फेरफाराचा क्रम कायद्यातलाच आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते, तलाठी फेरफार घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचे, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो.

या क्रमातून एक तांत्रिक भेद उघड होतो, आणि टेम्पलेटबद्दल बोलताना तो विसरला जातो. पाने दाखवणारा वेब सर्व्हर टेम्पलेटवरून दहा वेळा काढता येतो, कारण त्याच्या पोटात स्वतःचे काही नसते. फेरफार साठवणारा डेटाबेस तसा काढता येत नाही. कर्जत तालुक्यातल्या कुळधरणच्या एका गटाची नोंद दोन मशीनवर दोन प्रकारे झाली तर मालक दोन होतील. डेटाबेसची दुसरी प्रत ठेवतात, तिसरी दूरच्या शहरात ठेवतात, पण लिहिण्याचा अधिकार एका वेळी एकीलाच असतो. पीक विम्याच्या किंवा कर्जमाफीच्या दिवसांत सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि ‘सर्व्हर डाऊन’ ऐकू येते तेव्हा पुष्कळदा अडचण इथे असते. वेब सर्व्हर वाढवले तरी सगळे शेवटी त्याच एका डेटाबेसच्या दारात येऊन उभे राहतात.

ओळखीचा प्रश्न तर कर्जतच्या बाबतीत अगदी सरळ दिसतो. महाराष्ट्रात दोन कर्जत तालुके आहेत. एक उल्हास नदीच्या खोऱ्यातले, रायगड जिल्ह्यातले भातशेतीचे. दुसरे भीमा आणि सीना यांच्या मधले, अहिल्यानगर जिल्ह्यातले ज्वारीचे. भूलेखाच्या संकेतस्थळावर म्हणूनच आधी विभाग, मग जिल्हा, मग तालुका आणि गाव अशी निवड करावी लागते, आणि माणसांना नाव पुरते तिथे यंत्राला क्रमांक लागतो. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा त्यावर गावाचा स्थानिक शासन निर्देशिकेतला क्रमांक आला तो याच कारणाने. अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर हे नामांतर राज्य मंत्रिमंडळाने १३ मार्च २०२४ रोजी मंजूर केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते अमलात आले. ज्या प्रणालीत जिल्ह्याचे नाव टेम्पलेटच्या आत कोरलेले असेल तिला अशा वेळी प्रत्येक मशीन उघडून दुरुस्त करावी लागते. ज्या प्रणालीत नाव बाहेरच्या तक्त्यातून येते तिला एक ओळ बदलली की पुरते. काय टेम्पलेटमध्ये ठेवायचे आणि काय बाहेर, याचा विचार आधी करणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

टेम्पलेट जुनेही होते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक मोठी फट बुजवली. मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर त्याच फटीतून जगभर शिरले. फेब्रुवारीत गोठवलेल्या टेम्पलेटवरून जूनमध्ये काढलेली मशीन नवी कोरी दिसते, पण फट घेऊनच उभी राहते. चांगल्या केंद्रांत म्हणून टेम्पलेट ठरावीक मुदतीने पुन्हा बांधतात. २०१३ मध्ये आलेल्या पॅकरसारख्या साधनांनी ही बांधणीच लिहून ठेवता येऊ लागली: कोणत्या क्रमाने काय घालायचे याची यादी जपायची आणि टेम्पलेट दर वेळी तिच्यावरून ताजे काढायचे. त्याच वर्षी डॉकर आले आणि पूर्ण मशीनऐवजी फक्त कामाचे सॉफ्टवेअर बांधून नेण्याची पद्धत रुळू लागली, तरी त्या पेट्या बहुतेक ठिकाणी व्हर्च्युअल मशीनच्या आतच चालतात.

नोंदींच्या बाजूने याच वर्षांत वेगळेच कष्ट चालले होते. हस्तलिखित सातबारे संगणकात भरताना नावे चुकली, क्षेत्रे चुकली, वारसांच्या ओळी गळाल्या. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा तलाठ्याने गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचायचा, हस्तलिखिताशी ताडायचा आणि चूक टिपायची. हे काम टेम्पलेटने होण्यासारखे नव्हते. राज्यातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांतला प्रत्येक स्वतंत्र आहे, आणि तलाठ्यांनी ते काम पार पाडले याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही. त्या शुद्धीकरणाच्या आधारावर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याची फी १५ रुपये ठेवली गेली आणि कार्यालयाचा शिक्का मारून घेण्याची गरज उरली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि बारावा नमुना शेतकरी स्वतः मोबाइलवरून भरू लागला. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत लाखो शेतकरी एकदम नोंदी पाठवतात. असा भार वर्षातून थोडेच दिवस असतो. त्या दिवसांपुरत्या मशीन टेम्पलेटवरून वाढवायच्या आणि नंतर काढून टाकायच्या, हा क्लाउडचा सर्वांत व्यवहारी उपयोग आहे. तालुक्याच्या सर्व्हरच्या काळात ही सोयच नव्हती.

सर्व्हर बिघडला तर आज तो दुरुस्त करीत बसत नाहीत, टेम्पलेटवरून नवा काढतात. नोंद बिघडली तर मात्र तसा मार्ग नाही. संगणकीकृत सातबाऱ्यात लेखनप्रमाद आढळला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करावा लागतो, आणि तहसीलदाराच्या आदेशानेच ती दुरुस्ती होते. कर्जतच्या खातेदाराने आपला सातबारा आणि ८-अ एकदा तरी उतरवून घेऊन जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ओळ न् ओळ ताडून पाहावा.